गिरणीच्या इमारतीत घरं: पाडण्याआधी कुणी हा विचार केला होता का?

करीरोडकर

मंडळी, भाची व्हिएन्नात शिकायला गेली आहे. परवा तिने राहत्या जागेचा फोटो पाठवला. लाल विटांचा भलामोठा गोल बुरूज, वर घुमट. मी विचारलं, "तुला तुरुंगात ठेवलंय की काय?" तर म्हणते, "मामा, ही गॅसची टाकी आहे." खरंच आहे ते. शहराला गॅस पुरवणाऱ्या अशा चार टाक्या १८९९ पर्यंत बांधून झाल्या, १९८४ मध्ये बंद पडल्या. पाडल्या नाहीत. बाहेरच्या भिंती ठेवून आत घरं, दुकानं आणि विद्यार्थ्यांचं वसतिगृह केलं आणि २००१ मध्ये लोक राहायला आले.

फोटो बघून मी गॅलरीत आलो. आमच्या चाळीच्या तिसऱ्या मजल्यावरून एका गिरणीच्या कताई खात्याची इमारत दिसते. तीन मजले, दगडी जोतं, कमानीच्या खिडक्या, भिंतीतून उगवलेला पिंपळ. चिमणी कधीच गेली. ही इमारतही जाणार असं ऐकतोय. तिच्या एका मजल्याच्या उंचीत आमच्या दोन खोल्या एकावर एक सहज बसतील, हे मी लहानपणापासून नजरेनं मोजत आलोय.

प्रश्न साधा आहे. असल्या इमारतीत घरं का होऊ शकली नाहीत? तांत्रिक अडचण आहे, नियमांची आहे, की कुणाला नकोच होतं? जाणकारांनी सांगावं. राजकारण नको.

शेंगदाणे_फुटाणे

गिरणीच्या जमिनीवर धागा आणि राजकारण नको! म्हणजे लालबागला गणपतीत जायचं आणि गर्दी नको. (हलके घ्या.)

चिंचपोकळीचा_बाळ

चिमण्या दाखवायला ठेवतात की. फिनिक्सची चिमणी आहे अजून, खाली मॉल. माझ्या मुलाला वाटायचं ती मॉलचीच आहे, पिझ्झाच्या भट्टीची.

रेवती_क

वास्तुरचनेचं काम करते म्हणून लिहिते. काही वर्षांपूर्वी एका बंद गिरणीचा सर्व्हे करायला दोन महिने जात होते, त्यामुळे करीरोडकरांचा प्रश्न माझ्या आवडीचा आहे.

आधी एक समजून घ्या, 'गिरणीची इमारत' ही एक गोष्ट नाही. साचाखातं, म्हणजे माग चालायचे ते खातं, जमिनीवर, एकमजली. माग इतके हादरतात की ते वरच्या मजल्यावर चढवणं परवडत नसे. त्यावर करवतीच्या दात्यांसारखं छप्पर, काचेची बाजू उत्तरेला, म्हणजे दिवसभर उजेड येणार पण ऊन नाही. ही शेड ऑफिसला, चित्रकाराच्या स्टुडिओला झकास. घरांना अवघड. उजेड वरून येतो, बाजूला खिडकीच नाही. आणि दोन दात्यांमधली पन्हाळ! मुंबईच्या पावसात ती तुंबली की पाणी आतच.

कताईची इमारत वेगळी. बहुमजली, बिडाचे म्हणजे ओतीव लोखंडाचे खांब, सागवानी किंवा लोखंडी तुळया, काही ठिकाणी विटांच्या चपट्या कमानींवर पेललेली जमीन. यंत्रांचं वजन घेण्यासाठी बांधलेली, तेव्हा माणसांचं वजन तिला किरकोळ. पण रुंदी! मी मोजलेली इमारत १०० फुटांहून रुंद होती. दोन्ही बाजूंच्या खिडक्यांपासून २०-२५ फूट आत गेलात की अंधार सुरू. राहत्या खोलीला बाहेरची हवा आणि उजेड हवाच, त्यामुळे मधला निम्मा भाग घरांना निरुपयोगी.

उपाय आहे. मधोमध छप्परापासून जोत्यापर्यंत कापून चौक काढायचा, वाड्याला असतो तसा. आणि उंचीबद्दल करीरोडकरांची नजर बरोबर आहे, मी मोजलेला मजला १६ फूट होता. म्हणजे पोटमाळा सहज.

मालवणी_तडका

पोटमाळा म्हटलं की गिरणगावच्या माणसाला आर्किटेक्ट लागत नाही. आमच्या १० बाय १२ मध्ये आजोबांनी पोटमाळा काढून वर दोन काका, खाली आजी-आजोबा, गॅलरीत आत्याचे मिस्टर अशी सोय केली होती. १६ फुटांत तर त्यांनी तीन कुटुंबं आणि एक खानावळ बसवली असती.

फाईलवाला

तांत्रिक उत्तर रेवतीताईंनी दिलं. नियमांचं मी देतो. हयात फायलीत गेली.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ क्रमांकाचा नियम आला. गिरणीमालकाला जमीन विकसित करायची असेल तर ढोबळमानाने एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि एक तृतीयांश मालकाला. मुंबईतल्या ५८ गिरण्यांची मिळून जमीन ६०० एकरांच्या आसपास. म्हणजे किती बागा आणि किती घरं झाली असती, हिशेब करा. १९९६ मध्ये चार्ल्स कोरिया यांच्या अभ्यासगटाने आणखी पुढचं सांगितलं होतं: सुट्या सुट्या गिरण्यांचे तुकडे पाडू नका, जमिनी एकत्र धरून भागाचं नियोजन करा. अहवाल फायलीत गेला.

२००१ मध्ये नियम बदलला. वाटणी फक्त 'मोकळ्या' जमिनीची, म्हणजे जिच्यावर बांधकाम नाही तिची. गिरणीत मोकळी जागा असते किती? पुढचं अंगण, घोड्याच्या गाड्या वळायच्या तेवढी. बाकी सगळ्यावर खाती, गोदामं, बॉयलर. तेवढं बांधकाम वाटणीतून वगळलं, आणि नंतर ते पाडलं तरी खालची जमीन वाटणीत येत नाही असा अर्थ. प्रकरण कोर्टात गेलं. २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पर्यावरणवाद्यांच्या बाजूने निकाल दिला, मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला.

गंमत लक्षात येतेय का? जुनी इमारत उभी असण्याचा पुरेपूर फायदा मालकाला मिळाला. इमारत मात्र उभी राहिली नाही.

चिंचपोकळीचा_बाळ

शेवटची दोन वाक्यं लिहून घेतली.

पुलाखालचा_पुणेकर

जुन्या वास्तूंचं काय करायचं हे मुंबईकरांना कधी कळलंच नाही. आमच्याकडे वाडे...

शेंगदाणे_फुटाणे

तुमच्याकडे वाडे पाडून जी संकुलं झाली त्यांच्या नावात तेवढा 'वाडा' उरलाय. बसा खाली.

लोवेलकर

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये असतो, आयडीवरून कळलंच असेल. लोवेल हे कालव्याच्या पाण्यावर चालणाऱ्या कापड गिरण्यांचं जुनं गाव. १९२० च्या दशकात गिरण्या बंद पडायला लागल्या आणि गावाची रया गेली. १९७८ मध्ये सरकारने त्या भागाला राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानाचा दर्जा दिला. आता बूट मिलमध्ये एका भागात संग्रहालय आहे, दुसऱ्या भागात लोक राहतात. संग्रहालयात खरे माग चालू ठेवलेत, शिरताना कानात घालायला बोळे देतात. बाबा आले होते तेव्हा त्यांनी बोळे घेतले नाहीत. दहा मिनिटं नुसते उभे होते. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाले, "आमच्याकडे असे बाराशे होते."

मँचेस्टरलाही ॲन्कोट्स भागात १७९८ पासूनच्या मरेज मिल्समध्ये आता फ्लॅट आहेत. आपल्याला 'पूर्वेचं मँचेस्टर' म्हणायचे, तर तेवढं तरी उचलायचं!

लालबागची_सून

सगळ्यांचं वाचलं. आता थोडं कडू बोलते, राग मानू नका.

माझ्या सासूबाई वाइंडिंगला, म्हणजे सूत गुंडाळायच्या खात्यात होत्या, सासरे साचाखात्यात. म्हाडाच्या गिरणी कामगारांसाठीच्या घरांच्या २०१२ च्या पहिल्या सोडतीत ६,९२५ घरं होती, त्यात आमचा नंबर लागला. साडेसात लाख भरले, त्यासाठी गावची जमीन विकली. २२५ चौरस फूट. स्वतःचा संडास, स्वतःची मोरी, लिफ्ट. सासूबाई पहिल्या दिवशी चार वेळा नुसत्या संडासाचं दार उघडून बघून आल्या. पन्नास वर्षं त्या डबा घेऊन रांगेत उभ्या राहिल्या होत्या.

त्यांना विटांची कमान आणि बिडाचा खांब नको होता. अर्ज केलेल्यांची संख्या पावणेदोन लाखांच्या घरात, आणि २०१२, २०१६, २०२० या तिन्ही सोडती मिळून घरं साडेतेरा हजारांच्या आत. बाकीच्यांना आता शेलू-वांगणीला जा म्हणतात. कर्जतच्या वाटेवर! सत्तरीच्या माणसाला. त्यासाठी लोक आझाद मैदानात येऊन बसले, पावसात. तुम्ही इथे पिंपळ आणि कमानी मोजताय.

जुनी इमारत ठेवून तीन मजल्यांत किती घरं होतील? साठ? सत्तर? तिथेच मनोरा बांधला तर चारशे. मला चारशे हवीत.

करीरोडकर

ताई, राग कशाचा? माझ्या वडिलांचाही अर्ज आहे. अजून नंबर नाही. वडीलही नाहीत.

ताणाबाणा

लालबागची_सून यांच्याशी शंभर टक्के सहमत आणि तरीही असहमत. मनोऱ्यात चारशे घरं होतात, खरंय. पण गिरण्यांच्या जागी जे मनोरे झाले त्यातले किती म्हाडाच्या वाट्याच्या जमिनीवर आहेत? श्रीनिवास मिलच्या जागेवर शहरातल्या सगळ्यात उंच इमारतींपैकी एक उभी आहे. ज्युपिटर आणि एल्फिन्स्टन मिलच्या जागी काचेची कार्यालयं. तिथे जुनी इमारत गिरणी कामगाराच्या घरासाठी पाडली गेली नाही. तेव्हा 'जुनी भिंत की कामगाराचं घर' ही निवड त्याच्यासमोर कधी आलीच नव्हती. दोन्ही गेलं.

मालवणी_तडका

+१. 'दोन्ही गेलं' म्हणजे धागा संपला. बंद करा, चहाला जाऊ.

रातराणी८१

थांबा, मला माझा अनुभव सांगायचाय. पहिली नोकरी गिरणीच्या शेडमध्ये थाटलेल्या एका ऑफिसात. भिंतीचं प्लास्टर मुद्दाम खरवडून विटा उघड्या ठेवलेल्या, छपराचे लोखंडी पाइप काळे रंगवलेले. आजी एकदा डबा द्यायला आली. आजूबाजूला बघून हळूच म्हणाली, "पगार वेळेवर देतात ना गं? प्लास्टरलाही पैसे उरलेले दिसत नाहीत."

जुलैत माझ्या टेबलामागच्या भिंतीवर अळंबी उगवली होती. खोटं सांगत नाही, तीन. मॅनेजरने फोटो काढून टाकला, 'आमची जिवंत वास्तू'.

शेंगदाणे_फुटाणे

भाजी तरी झाली का?

गल्लीतला_गावसकर

हसताय, पण गिरणीच्या आवारात वाट्टेल ते थाटण्याचा शेवट कुठे होतो तेही बघितलंय. कमला मिल, २९ डिसेंबर २०१७, मध्यरात्र. गच्चीवरच्या रेस्टॉरंटची आग, १४ जीव गेले. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरी, २३ जण. गिरणीतली माणसं गेली, त्यांच्या कितीतरी पट माणसं ऑफिसांत आली, जिना मात्र तोच अरुंद. ते दिवसाचे आठ-नऊ तास येणारे लोक होते. घरं करायची तर चोवीस तास गॅस, देवघरातला दिवा, झोपलेली पोरं. रेवतीताई, आगीचं बोला.

रेवती_क

बोलते. मुद्दा रास्त आहे.

लाकडी जमिनीत शंभर वर्षांचं यंत्राचं तेल मुरलेलं असतं. आम्ही एक फळी उचकटली तर हात काळा झाला आणि वास घरी येईपर्यंत गेला नाही. अशी जमीन घराखाली ठेवता येत नाही, काढावीच लागते. सागवानी तुळई उलट बरी, जाड लाकूड बाहेरून कोळसा होत जातं पण बराच वेळ भार पेलतं. बिडाचा खांब तापलेला असताना त्यावर बंबाचं पाणी पडलं तर तडकू शकतो, म्हणून त्याला आच्छादन. नवे जिने बाहेरच्या बाजूने, निदान दोन. रंगखात्याच्या आसपासची माती तपासायची, कारण तिथे वर्षानुवर्षं काय काय ओतलंय देव जाणे. छपराला ॲस्बेस्टॉसचे पत्रे असतील तर ते काढायला प्रशिक्षित माणसं. हे सगळं होतं. जगात झालंय. स्वस्त होत नाही.

आणि खरी अडचण यातली एकही नाही. शहर भागात मूळ चटईक्षेत्र १.३३, म्हणजे जमिनीच्या १.३३ पट बांधकाम. तीन मजली जुनी इमारत ठेवली की मिळणारं क्षेत्र तिथे पूर्ण वापरता येत नाही, उरलेलं शेजारी कोंबावं लागतं. ज्या क्षणी मालक फूट मोजायला बसतो त्या क्षणी इमारत मेलेली असते. मी सर्व्हे केला ना, अहवाल चांगला १४० पानांचा होता. तो द्यायला गेले त्या दिवशी फाटकात जेसीबी उभा होता. फी मात्र पूर्ण मिळाली.

फाईलवाला

अहवालांची एक स्वतंत्र स्मशानभूमी काढायला हवी. तिला चटईक्षेत्र मोफत.

चिंचपोकळीचा_बाळ

सगळंच गेलं नाहीये. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड नंबर २-३ मध्ये महापालिकेचं वस्त्रोद्योग संग्रहालय व्हायचंय. भायखळ्याच्या न्यू ग्रेट ईस्टर्नमध्ये जुन्या इमारती ठेवून कार्यालयं आहेत. कुलाब्याची मुकेश मिल १९८२ च्या आगीनंतर भग्नच आहे, पण तिथे शूटिंग चालतं. म्हणजे बघा: संग्रहालय चालतं, ऑफिस चालतं, सिनेमातलं भूतही चालतं. राहणारा माणूस तेवढा चालत नाही.

बदली_कामगार

नमस्कार. वय ७६. नातीला सांगून टाइप करून घेतो आहे, चुकलं तर तिचं.

मी १९७१ ला बदली म्हणून लागलो. रोज फाटकात उभं राहायचं, कुणी गैरहजर असला तर आत. पुढे रिंग फ्रेमला, सूत कातायच्या यंत्रावर, कायम झालो. १८ जानेवारी १९८२ ला संपात बाहेर आलो तो परत गेलो नाही.

तुम्ही विचारता गिरणीत माणूस राहू शकेल का. उन्हाळ्यात आमच्या खात्याच्या खिडक्या बंद असायच्या. हवा कोरडी झाली की सूत तुटतं म्हणून वरून पाण्याचा फवारा. घाम आणि फवारा एकच. हवेत कापसाची कणी, ती खोकल्यातून पडायची. अशा ठिकाणी घर घे म्हणून कुणी फुकट दिलं तरी आमच्या मंडळींनी घेतलं नसतं. पण खिडक्या उघडल्या तर वारा फार चांगला. समुद्राचा येतो. हे मला संपात कळलं. आम्ही फाटकाबाहेर बसायचो आणि खात्याच्या खिडक्या उघड्या होत्या. पहिल्यांदा वाटलं, अरे, ही इमारत चांगली आहे.

लालबागची_सून

काका, नमस्कार. तुम्हाला घर लागलं का?

बदली_कामगार

नाही. मुलाकडे असतो, ठाण्यापुढे दिव्याला. आता नात म्हणते आहे की जास्त लिहू नका, डोळे दुखतात. तिचे.

लोवेलकर

काका, लिहीत राहा. नातीला माझ्याकडून आइस्क्रीम.

पुलाखालचा_पुणेकर

मघाशी बसवलं होतंत, तरी विचारतो. व्हिएन्नात हे जमतं आणि इथे नाही याचं कारण फक्त 'त्यांच्याकडे शिस्त' असं नसावं. तिथे जमिनीचं गणित वेगळं आहे का?

फाईलवाला

पुणेकरांनी कामाचा प्रश्न विचारला याची नोंद व्हावी. हो, वेगळं आहे. व्हिएन्ना महापालिकेच्या स्वतःच्या मालकीची भाड्याची घरं दोन लाखांहून जास्त आहेत. जिथे शहरच सगळ्यात मोठा घरमालक असतं, तिथे टाकीतलं घर हा शंभर पर्यायांतला एक असतो. इथे गिरणी म्हणजे लॉटरीचं एकमेव तिकीट. त्यावर मालक, कामगार, म्हाडा, पालिका, बिल्डर सगळ्यांचे हात. मुंबईतल्या २५ गिरण्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या, म्हणजे सरकारच्याच होत्या. प्रयोग करायचाच तर तिथे करता आला असता. २००५ मध्ये त्यातल्या पाच विकल्या. दादरची कोहिनूर नंबर ३ गेली ४२१ कोटींना.

ताणाबाणा

म्हणूनच मी म्हणतो, आता ज्या थोड्या उरल्यात त्यात एक तरी करून बघा. सत्तर घरं. भाड्याची. परळच्या इस्पितळांतल्या परिचारिका, पोलीस, शिकायला आलेली गावची पोरं. करीरोडकरांच्या भाचीचं होस्टेलच की ते! लालबागच्या ताईंची चारशे घरं त्याच आवारात शेजारी.

लालबागची_सून

शेजारी होणार असतील तर कमानींना माझी हरकत नाही. आधी शेजारची बांधा. ती ताब्यात मिळाली की कमानीला रंग मी स्वतः देईन.

मालवणी_तडका

आणि गाळ्यात राहायला आलेल्या गावच्या पोरांसाठी खानावळ. ती आमची. सुरमई मंगळवारी नाही.

रेवती_क

काल रात्री झोप येईना म्हणून करीरोडकरांच्या वर्णनावरून आणि माझ्या जुन्या मोजमापांवरून कताईच्या इमारतीचा एक कच्चा नकाशा काढला. चित्र चढत नाहीये, शब्दांत सांगते. मधोमध ३० फुटांचा चौक. चौकाभोवती चारही मजल्यांना, म्हणजे तळमजला धरून, चाळीसारखी गॅलरी. घरं बाहेरच्या खिडक्यांकडे तोंड करून, आत २५ फूट खोल, प्रत्येकात पोटमाळा. जिना उत्तरेच्या टोकाला. संडास-मोरी चौकाच्या बाजूने, एकाखाली एक, म्हणजे नळांची उभी रांग एकच. ६४ घरं बसतात. ताईंचा साठ-सत्तरचा अंदाज अचूक होता!

बदली_कामगार

नातीने नकाशा वाचून दाखवला. चांगला आहे. दोन दुरुस्त्या.

आमच्याकडे जिना उत्तरेला नव्हता, पश्चिमेला होता आणि जुना संडास त्याला लागून. मुकादम जिन्यात उभा राहून कोण किती वेळ आत आहे ते मोजायचा. पाइप तिथूनच खाली गेलेत, गटार तिथेच आहे. नळ तिकडे घ्या, खोदकाम वाचेल.

दुसरं. झोपायच्या खोल्या पूर्वेला काढा. तिसऱ्या पाळीत पहाटे तीनला डोळा लागायचा तेव्हा आम्ही आळीपाळीने गाठोडी टाकून आडवे व्हायचो. सगळ्या मजल्यावर फिरून बघितलेलं आहे. पूर्वेची तिसरी खिडकी. तिथे जमीन गार असते आणि खालच्या इंजिनाचा हादरा पोचत नाही.

रेवती_क

काका, इंजिन आता नाही.

बदली_कामगार

हो. मग चौथी पण चालेल.